गिअरकाकू आणि छावणीभर बाबा

छावणीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली, क्वार्टर्सची जी शेवटची ओळ आहे, तिच्या पहिल्या दाराशी रोज सकाळी गिअरकाकू पायरीवर बसून देवाचं नाव घेतात. डोळे मिटलेले, ओठ हलते आणि मांडीवर दुधाचं पातेलं. पातेलं अशासाठी, की दूधवाला काही प्रार्थना संपायची वाट बघत नाही. तो येतो, माप ओततो आणि सायकलवर टांग मारतो. इतक्या वर्षांत देवाने या व्यवस्थेबद्दल कधी नाराजी दाखवलेली नाही, तेव्हा काकूंनीही ती बदललेली नाही.

काकूंचे यजमान लष्कराचा मोठा ट्रक चालवतात. लग्न झाल्यावर काकू या ओळीत आल्या त्या त्याच ट्रकमधून, लोखंडी पेट्यांच्या मध्ये गाठोड्यासारख्या बसून. यजमान मुळात अबोल. बोलले तर गाडीचंच बोलणार. त्यामुळे संसाराची भाषा म्हणून काकूंना जी मिळाली ती गॅरेजमधली. कोणी रडत-धापा टाकत दारात आलं की काकू म्हणणार, ‘‘अगं, आधी पहिल्या गिअरमध्ये ये. मग बोल.’’ नळावर दोघी हातघाईवर आल्या की लांबूनच ओरडणार, ‘‘क्लच दाबा गं, क्लच दाबा!’’ आणि भिंतीवर चढलेल्या कुठल्याही पोराला नुसतं ‘‘रिव्हर्स!’’ म्हटलं तरी ते आलं तसं खाली उतरतं. यजमानांना कोणी याबद्दल छेडलं तर ते मान खाली घालून एवढंच म्हणतात, ‘‘गाडी माझ्याकडे आहे. हॉर्न हिच्याकडे.’’

देवाने त्यांच्या पदरात मूल घातलं नाही. काकूंनी त्याची तक्रार कधी दाराबाहेर आणली नाही आणि दाराआडही फार दिवस चघळली नाही. या ओळीत आल्या आल्या त्या तापाने फणफणल्या होत्या. यजमान गाडी घेऊन लांब गेलेले. माहेर कुठल्या कुठे. तेव्हा शेजारची एक थोराड बाई, जिला सगळे आक्का म्हणायचे, न विचारता आत आली, उशाशी बसली, डोक्यावर ओल्या घड्या ठेवत राहिली, आणि ताप उतरल्यावर काकू हात जोडू लागल्या तेव्हा म्हणाली, ‘‘हात कसले जोडतेस? उद्यापासून समोरच्या घरातल्या बाळंतिणीचं पाणी तू तापवायचंस.’’ पुढे आक्काच्या यजमानांची बदली झाली, पेट्या ट्रकवर चढल्या, आक्का गेली. पण तिने घालून दिलेला नेम राहिला. ज्या घरचा माणूस बाहेर आहे, त्या घरचा सिलिंडर, गेलेला दिवा, गळका नळ आणि आजारपण हे सगळं ओळीचं. कुठे लिहिलेलं नाही, कोणी हुकूम काढलेला नाही. पण ज्यांच्या घरी माणूस आहे त्यांनी तो माणूस अशा वेळी उसना द्यायचा, असं इथलं चालत आलेलं आहे.

तर या ओळीच्या मधल्या घरात एक तरुण पोरगी राहायला आली. तिचा नवरा वायरलेसवर काम करणारा. ओळीत वयाने सगळ्यात लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणू लागले. तिच्या कडेवर एक मुलगी होती. ती नीट बसायला लागायच्या आत गरगर फिरायला शिकली, म्हणून काकूंनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. भिंगरी रांगत होती तेव्हाच तिच्या बापाला सरहद्दीवरच्या एका उंच चौकीवर पाठवलं. तिथे मोबाईलला रेंज नाही. कधीमधी लष्कराच्या लाइनवरून फोन जोडून देत, पण त्यातून येणारा आवाज असा खरखरायचा, की भिंगरी फोन टाकून पलंगाखाली जाऊन बसायची.

ती चालू लागली. बोलू लागली. बाप अजून तिकडेच.

धाकटीच्या मनात भीती शिरली ती वरच्या मजल्यावरच्या हवालदारामुळे. तो असाच लांबच्या ड्युटीवरून परत आला. ओळीने त्याला वाजतगाजत घरात नेलं. आणि जेवायला बसल्यावर त्याच्या मुलाने आईला खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘हे काका त्यांच्या घरी कधी जाणार?’’ सगळे हसले. हवालदारही हसला. मग हात धुऊन तो जो बाहेर गेला तो कितीतरी वेळ टाकीच्या जिन्यावर एकटाच बसून होता. धाकटीने ते खिडकीतून पाहिलं. त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. आपला माणूस एवढ्या थंडीवाऱ्यातून येईल, आणि त्याची पोर त्याला ओळखणार नाही.

म्हणून तिने भिंगरीला बाप शिकवायला घेतला. मोबाईलमधले फोटो दाखवावेत तर भिंगरी बोटाने बापाला उडवून लावायची आणि कार्टून शोधायची. लग्नाच्या फोटोंत नवरोबा नेमके प्रत्येक वेळी डोळे मिटून उभे. राहिला ट्रेनिंग संपल्यावर काढलेला एक मोठा फोटो. पूर्ण वर्दी, टोपी, पट्टा, चकचकीत बूट. धाकटीने तो भिंगरीच्या उंचीवर भिंतीला लावला आणि रोज उठल्याबरोबर, जेवताना, झोपताना धडा सुरू केला. ‘‘हे कोण? बाबा. कोण? बाबा.’’ पोरगी हुशार. पटकन शिकली.

जरा जास्तच शिकली. पहिला मान मिळाला गेटवरच्या पहारेकऱ्याला. धाकटी भाजी घेऊन येत होती, तोच भिंगरी तिचा हात सोडून सुसाट धावली आणि ‘‘बाबाऽऽ’’ म्हणत पहारेकऱ्याच्या पायाला बिलगली. तो बिचारा ड्युटीवर. हलता येईना, हसता येईना. नुसत्या मिशा थरथरल्या. मग रेशनची गाडी आली, तर त्यातून एकदम तीन बाबा उतरले. दवाखान्यात सुई टोचणारा बाबा निघाला तेव्हा मात्र भिंगरी जरा गोंधळली. काकूंचे यजमान तर रोजचेच. संध्याकाळी ट्रकमधून उतरले की भिंगरी त्यांच्या गुडघ्यांवर जाऊन आदळायची, ‘‘बाबा आला!’’ ते तिला उचलून घ्यायचे, ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचे, आणि कोणी बघत नाही ना हे बघून हळूच एकदा हॉर्न वाजवू द्यायचे.

कळस झाला तो मोठे साहेब वसाहतीची पाहणी करायला आले त्या दिवशी. सगळे कडक उभे. साहेब बुटांचा आवाज करत चाललेत, शेजारी त्यांची बायको, सगळ्यांच्या मॅडम. आणि रांगेतून भिंगरी निसटली. साहेबांच्या पायाला मिठी मारून तिने सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘माझा बाबा!’’

मॅडमनी साहेबांकडे वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.’’

पुढे जो हशा पिकला त्यात साहेबही सामील झाले. धाकटीही हसली. हसत हसत घरी आली, दार लोटलं आणि नवऱ्याच्या लोखंडी पेटीवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. काकू मागोमाग आल्याच होत्या.

‘‘पहिल्या गिअरमध्ये ये, पोरी.’’

‘‘काकू, मीच वाट लावली,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मी तिला चेहरा शिकवायला गेले आणि ती कपडे शिकली. आता ते आले तरी तिच्या लेखी हजारातले एक. तेही वर्दीत आले तर. साध्या कपड्यांत आले तर तेवढेही नाहीत.’’

‘‘अगं, त्यात तुझी काय चूक? या छावणीत दुसरं दिसतंय काय तिला?’’

‘‘हसताहेत सगळे. भिंगरीच्या बाबांना सांगू कसं मी हे? तिकडे बर्फात बसून ते विचारतात, भिंगरी माझं नाव घेते का. मी सांगते, दिवसभर घेते.’’

काकूंना यावर तोडगा सुचला नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही. रडणारीच्या पाठीवर हात ठेवून त्या देवाला मनातल्या मनात म्हणाल्या, तुझं तू बघ आता, माझं डोकं चालेना.

देवाने बघितलं. आणि त्यासाठी त्याला फार काही करावं लागलं नाही. धाकटीच्या घरातला दिवा गेला. ओळीच्या नेमाप्रमाणे त्या आठवड्याचा उसना माणूस म्हणजे वायरलेसवरचाच एक ऑपरेटर, भिंगरीच्या बापाचा दोस्त. तो स्टुलावर चढून दिवा बसवत होता, काकू स्टूल धरून उभ्या होत्या, आणि डोक्यात तोच भुंगा असल्यामुळे त्यांनी विचारलं, ‘‘काय रे, तुमचा हा दोस्त. तोंड झाकून आला तर ओळखशील त्याला?’’

‘‘तोंड कशाला, काकू? तो शेकडो कोसांवर बसलेला असला तरी ओळखतो मी. हातावरून.’’

‘‘हातावरून म्हणजे? भविष्य बघतोस की काय?’’

ऑपरेटर हसला. म्हणाला, ‘‘आम्ही शिकताना टक-टक करून संदेश पाठवायला शिकतो. शब्द तेच, खुणा त्याच. पण प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. कोणी घाई करतो, कोणी रेंगाळतो. पलीकडे कोण बसलंय हे आम्हाला नाव सांगावं लागत नाही. आणि तुमच्या या पठ्ठ्याच्या बोटांना तर खोडच आहे. काम नसलं तरी वाजवत बसतो.’’

‘‘अय्या, हो!’’ धाकटी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. ‘‘ताटावर वाजवतात, दारावर वाजवतात, पलंगाच्या कडेवर वाजवतात. किती बोलायचे मी त्यावरून! झोपेतसुद्धा चालू असतं.’’

‘‘कसं?’’ काकूंनी विचारलं. ‘‘करून दाखव.’’

धाकटीने पेटीवर बोटं आपटली. टक-टक, थोडं थांबून टक, मग पुन्हा टक-टक.

‘‘नाही वहिनी,’’ स्टुलावरून ऑपरेटर म्हणाला. दिवा तसाच अर्धा सोडून तो खाली उतरला आणि पेटीशी उकिडवा बसला. ‘‘शेवटचं असं तुटक नाही. शेवटी तो बोट जरा ओढतो. हे असं.’’ त्याने वाजवलं आणि शेवटी नख पत्र्यावरून किंचित फिरवलं.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. जणू माणूसच खोलीत येऊन उभा राहिला.

भिंगरी खेळ सोडून आली आणि तिने पेटीला कान लावला.

काकूंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. आजपासून या ओळीत, नळापासून टाकीपर्यंत, असं कोणी वाजवायचं नाही. दार ठोठावायचं ते सरळ ठोठावायचं. ओळीने हे इतकं मनावर घेतलं, की काही दिवस लोक दारावर थाप मारायलाच बिचकू लागले आणि नुसते बाहेरून खोकायचे. रोज संध्याकाळी धाकटी पेटीवर ती थाप वाजवायची आणि सांगायची, ‘‘हा बाबा.’’ मधूनमधून ऑपरेटर येऊन तिचा हात सुधारून जायचा. यजमान एकदा चहा पिताना नकळत कपावर बोटं वाजवायला लागले तर काकू कडाडल्या, ‘‘ब्रेक! तो आवाज राखीव आहे.’’ त्यांनी बोटं मुकाट्याने मुठीत घेतली.

भिंगरी काय शिकली, देव जाणे. पेटीला कान लावायला तिला आवडायचं आणि ऐकून झालं की ती आपल्या इवल्या पंजाने पेटीवर धप्पकन मारायची, म्हणजे पुन्हा वाजवा. एवढं खरं. बाकी गेटवरचा पहारेकरी बाबाच राहिला, रेशनवाले बाबाच राहिले, आणि यजमान तर होतेच.

अखेर भिंगरीच्या बापाची तुकडी परत येणार असल्याची खबर आली. त्यांना आणायला जाणारा ट्रक काकूंच्या यजमानांचाच. ते निघाले तेव्हा काकूंनी गाडीच्या टायरला हात लावून नमस्कार केला. यजमानांनी तो पाहिल्याचं दाखवलं नाही, पण गाडी नेहमीपेक्षा सावकाश वळवली.

ट्रक परत आला तो भर दुपारी. सगळी ओळ मैदानावर उभी. धाकटीने भिंगरीला नवा फ्रॉक घातला होता, आणि तिचा स्वतःचा चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा पांढराफटक. धूळ खाली बसली. पुढचं दार उघडून पहिले उतरले यजमान, वर्दीत.

‘‘बाबा आला!’’ म्हणत भिंगरी धावली. आणि इतक्या महिन्यांची सवय. यजमानांनी तिला उचलून घेतलं.

नेमका तेव्हाच मागून एक माणूस उतरला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. वाटेत कोट भिजला म्हणून कोणाचातरी तपकिरी स्वेटर चढवलेला. फोटोतल्या त्या टोपी-पट्ट्याची जराशी खूणही त्याच्या अंगावर नव्हती. त्याने आपल्या मुलीला दुसऱ्याच्या कडेवर पाहिलं, तिच्या तोंडचा शब्द ऐकला, आणि तो जागच्या जागी थांबला.

‘‘अरे, मी नव्हे, मी नव्हे,’’ यजमान घाबरेघुबरे होऊन म्हणाले. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं तरी हा माणूस इतका बावचळत नाही. त्यांनी भिंगरीला खाली ठेवलं. ती त्यांच्या पँटला धरून मागे लपली.

‘‘राहू द्या, काका,’’ भिंगरीचा बाप म्हणाला. ‘‘लहान आहे ती.’’

हसल्यासारखं केलं त्याने. त्याने बरोबर नेलेली लोखंडी पेटी कोणीतरी खाली उतरवून ठेवली होती, तिच्यावर तो बसला. ना पुढे होता येत होतं, ना उठून जाता येत होतं. धाकटीला सांगायचं होतं, अहो, वाजवा, बोटं वाजवा. तिने तोंड उघडलं, पण काकूंनी तिचं मनगट दाबलं.

‘‘क्लच,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘त्याच्याकडे बघ.’’

तो जमिनीकडे बघत होता. आणि काय करावं हे सुचेनासं झालं की त्याची बोटं जे करायची तेच ती करू लागली होती. त्याला पत्ताही नव्हता. पेटीच्या पत्र्यावर टक-टक झालं. मग टक. मग पुन्हा टक-टक, आणि शेवटी नख जरासं ओढलेलं.

भिंगरीची मान वळली.

ती यजमानांच्या पायामागून निघाली. बापाकडे नाही, सरळ पेटीकडे गेली. गुडघे टेकून तिने पेटीला कान लावला. बापाने घाबरून हात थांबवला. आवाज थांबला तसं भिंगरीने डोकं वर केलं आणि पंजाने पेटीवर धप्पकन मारलं.

‘‘वाजवा,’’ धाकटी म्हणाली. ‘‘अहो, पुन्हा वाजवा म्हणतेय ती.’’

त्याने वाजवलं. भिंगरीने ते बोट निरखून पाहिलं. मग हात, मग स्वेटर, मग दाढी, आणि मग डोळे.

‘‘तू पेटीतून आलास?’’ तिने विचारलं.

‘‘हो गं, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘फार लांबच्या पेटीतून आलो.’’

तिने मान डोलावली, जणू हेच तिला वाटलं होतं, आणि त्याच्या मांडीवर चढून बसली. बसल्या बसल्या त्याच्या गुडघ्यावर पंजा मारून पुन्हा वाजवायला लावलं. मैदानावर कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. मोठमोठे मिशाळ गडी ट्रकच्या मागे जाऊन, नसलेलं सामान शोधू लागले. तो ऑपरेटर स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. आणि वरच्या मजल्यावरचा हवालदार आपल्या पोराला खांद्यावर घेऊन पुढे झाला, भिंगरीच्या बापाची पेटी दुसऱ्या हाताने उचलली आणि धाकटीच्या दाराकडे चालू लागला.

‘‘चला गं, चला,’’ काकूंनी हॉर्न वाजवला. ‘‘तमाशा आहे का हा? तिघांना घरी जाऊ द्या. आणि त्यांच्या दारावर आज कोणी खोकायचंसुद्धा नाही.’’

दुसऱ्या दिवशी भिंगरी बापाचं बोट धरून छावणीभर हिंडली. तिला आता सत्य कळलं होतं आणि ते सगळ्यांना सांगणं भाग होतं. गेटवरच्या पहारेकऱ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, ‘‘तू बाबा नाहीस.’’ तो ड्युटीवर. पुन्हा नुसत्या मिशा थरथरल्या. रेशनवाल्या तिघांनाही तिने एकेक करून कळवलं. साहेबांना कळवलं तेव्हा मॅडमनी आकाशाकडे बघून हात जोडले.

ओळीच्या तोंडाशी यजमान ट्रकची काच पुसत होते. काकू पायरीवरून बघत होत्या. कालपासून घरात ते कोणाशी बोलले नव्हते. तसे ते एरवीही बोलत नाहीत, पण काकूंना त्या दोन गप्प बसण्यांतला फरक कळतो. काल रात्री जेवताना त्यांची बोटं टेबलावर आली होती आणि त्यांनी ती आपली आपणच मागे घेतली होती.

भिंगरी त्यांच्यासमोर येऊन थांबली. ‘‘तू बाबा नाहीस.’’

‘‘बरं,’’ यजमान म्हणाले आणि काच पुसत राहिले.

भिंगरी गेली नाही. तिने थोडा विचार केला आणि ट्रकच्या मडगार्डवर पंजाने धप्पकन मारलं.

यजमानांनी फडकं थांबवलं. काकूंकडे बघितलं. मग त्यांनी ट्रकच्या दारावर मुठीने दोन ठोके दिले. जाड, सावकाश, ट्रकवाल्याचे.

भिंगरीने कान देऊन ऐकलं. पुन्हा मडगार्डवर मारलं, पुन्हा ऐकलं. पक्कं केलं. आणि बापाकडे वळून, ओळख करून द्यावी तशी म्हणाली, ‘‘हा गाडीआबा.’’

यजमानांनी फडक्याने काच पुसली, मग नाक पुसलं, आणि मग ते फडकं ग्रीसचं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

तेव्हापासून संध्याकाळी ट्रक वळणावर आला की त्याच्या दारावर दोन ठोके पडतात. त्यासरशी मधल्या घरातून ‘‘गाडीआबाऽऽ’’ अशी आरोळी येते, आणि गिअरकाकू चहाचं पाणी चढवतात.

यजमानांचे गाडीआबा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पायरीवर बसल्या त्या डोळे मिटूनच राहिल्या. आक्काचं नाव घेतलं, ऑपरेटरचं घेतलं, गेलेल्या दिव्याचेसुद्धा आभार मानून झाले, तरी यादी संपेना. त्यात पातेलं आत स्वयंपाकघरातच राहून गेलेलं. दूधवाला आला, माप भरून उभा राहिला, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सायकल स्टँडला लावून थांबला.